सोबतच्याशी बोलावे

सकाळी माझी बोटं मुठीत अडकलेली असतात. ती सुटायला गरम पाण्याचं पातेलं आणि अर्धा तास लागतो. त्यानंतर पेन धरता येतं, तेही मुलीने आणून दिलेलं जाडजूड, बालवाडीतल्या पोरांना गिरवायला देतात तसलं. रोज आठ-दहा ओळी होतात. पुढे कुठे तुटक वाटलं तर दोष बोटांचा समजा. लपवायचं होतं ते मी सात महिने लपवलं, आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मला आमवात आहे. आयुष्यभराचा. असाच न जाणारा कुठलाही आजार ज्यांच्या अंगात मुक्कामाला आला आहे, आणि डॉक्टरकडे हाताला धरून नेणारं माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांना नेणारं कुणीच नाही त्यांचं दुःख माझ्याहून मोठं, त्याच्याशी मी बरोबरी करत नाही. पण नेणारं माणूस शेजारी बसलेलं असतानाही माणूस एकटं पडतं. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पडद्याच्या अलीकडे

आम्ही भिवंडीजवळच्या काल्हेरचे. सासऱ्यांच्या भातशेतावर आता गोदाम उभं आहे आणि घरासमोरून दिवसभर ट्रक जातात. माझे यजमान काशिनाथ, त्यांचे दोन टेम्पो आहेत. सुताच्या गोण्या आणि कापडाचे तागे भिवंडीत या लूमवरून त्या लूमवर पोचवायचे, हा धंदा. वरच्या मजल्यावर दीर, जाऊ आणि त्यांचे दोन मुलगे. खाली आम्ही दोघं. मुलगी लग्न होऊन उरणला गेली.

आमच्या भावकीत मला हातासाठी ओळखत. तांदळाची भाकरी पाण्याच्या हाताने थापायची, ताटाएवढी, कडेला चिरू न देता. हळदीच्या दिवशी अंगणात चुली मांडल्या की एक चूल माझी ठरलेली असे आणि माझ्या चुलीवरची भाकरी ओळखू येते असं पाहुणे म्हणत. मी वरवर नको नको म्हणायचे आणि आतून फुगायचे. नऊ वर्षांपूर्वी एका हळदीत भाकरी माझ्या हातातून परातीत पडली आणि फाटली. मग दुसरी. बायकांनी मला उठवून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, तू बस, आराम कर. त्या खुर्चीवरून मला नंतर कुणी उठवलंच नाही.

आमच्या डॉक्टरांनी ठाण्याच्या सांधेवाल्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे मला तपासणीच्या पलंगावर झोपवून, हातपाय वाकवून बघून, डॉक्टर पडद्यापलीकडे गेले आणि यांच्याशी बोलू लागले. मी ब्लाउजची बटणं लावत होते. बोटं वळत नव्हती म्हणून वेळ लागत होता. पलीकडून ऐकू आलं, "हा आजार आयुष्यभर राहणार." यांनी विचारलं, "बरा व्हयाचा न्हाय?" डॉक्टर म्हणाले, "ताब्यात ठेवता येईल." मी बटणं तशीच सोडून पदर घेतला.

बाहेर आल्यावर यांनी मला मोसंबीचा रस पाजला. पेला मला धरवेना म्हणून स्वतः धरला. मग टेम्पोत बसल्यावर म्हणाले, "साधा वात हाय. गोल्या घेतल्या का बरा व्हतं." मी म्हणाले, "बरं." मला कळलं होतं हे त्यांना कळलं नाही, आणि आपल्याला सांगवलं नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं. कशेळीच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती. तासभर आम्ही तिथे शेजारी शेजारी बसून होतो.

स्टूल

ठाण्याला सहा महिन्यांतून एकदा जायचं. बाकी सगळं आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे. दर महिन्याला रक्त तपासायचं, रिपोर्ट दाखवायचा, गोळ्या किती ते ठरवून घ्यायचं.

आमचे डॉक्टर म्हणजे गावातलं जुनं माणूस. सासूबाईंचं शेवटचं आजारपण त्यांनीच काढलं, मुलीच्या गोवराला ते पावसात चालत आले होते. त्यांच्या खोलीत टेबलाजवळ एक स्टूल आहे आणि भिंतीला लागून एक बाकडं. स्टूल पेशंटचं. पण पहिल्याच दिवशी हे पुढे होऊन स्टुलावर बसले, कारण कागद त्यांच्या हातात होते, आणि मी बाकड्यावर टेकले. तेव्हापासून तीच जागा कायम झाली. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाईला बरं नसलं की सासू बोलते, नवरा बोलतो, कुणी नसलं तर जाऊ बोलते. पेशंट बाकड्यावर बसून आपली चप्पल बघते.

"कसं आहे?" डॉक्टर विचारत.

"पयल्यापेक्षा फरक हाय," हे सांगत.

मग डॉक्टर माझ्याकडे मान वळवून खणखणीत आवाजात, पार रस्त्यावर ऐकू जाईल असं, म्हणत, "काय वहिनी! बरं ना?"

मी मान हलवायचे. इतका आवाज चढवणारं माणूस प्रेमळच असणार असं मी धरून चालले होते.

आठवड्याची गोळी

माझ्या मुख्य गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. आमच्याकडे तो दिवस शुक्रवार ठरला. शुक्रवारी लूम बंद, म्हणून टेम्पो बंद, म्हणून हे घरी. जेवण झालं की हे कपाटावरून डबा काढत, चष्मा लावत, स्ट्रिपमधून गोळ्या फोडून माझ्या तळहातावर ठेवत. माझ्या अंगठ्यात तेवढं बळ नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा हेच भरून आणत. इतक्या वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही. माणसाने आणखी काय करायचं असतं?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात गोळ्यांची संख्या वाढली आणि माझे शनिवार-रविवार गेले. उलट्या, तोंडभर फोड, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार. हे शनिवारी कामावर. मी मोरीच्या उंबऱ्याला टेकून बसून राहायचे, कारण पलंगापर्यंत जाऊन परत यायला त्राण नसे. वरून जाऊ हाक मारायची, "जेवलीव का?" मी खालून ओरडायचे, "जेवले." तिला जिना उतरायला लागू नये म्हणून.

एका रविवारी यांना म्हणाले, "माझं शनवार-आयतवार जगावासा वाटत न्हाय." हे घाबरले. त्या मंगळवारी मला डॉक्टरांकडे नेलं, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "जरा मलमलतं तिला. बाकी काय न्हाय."

खोटं बोलायचं म्हणून ते बोलले नाहीत. जगावंसं वाटत नाही हे बायकोचं बोलणं चारचौघांत कसं सांगायचं, त्यांना ते जड गेलं असणार. डॉक्टरांनी पित्ताची गोळी लिहून दिली. मला त्या दोघांना हाक मारून सांगावंसं वाटलं की थांबा, असं नाही. पण हे माझ्यासाठी धंदा सोडून आले होते. त्यांना डॉक्टरांसमोर खोटं कसं पाडायचं?

त्या शुक्रवारी मी गोळ्या जिभेखाली धरल्या, पाणी प्यायले, मोरीत गेले आणि थुंकून टाकल्या. पुढच्या शुक्रवारी तेच. असे सात महिने.

कुणी वाचून हे करून बघू नका. पहिले काही आठवडे मला स्वर्ग वाटला, रविवारी मी चक्क मासळी आणून आमटी केली. मग हळूहळू मनगटं सुजली, गुडघे सुजले, रात्री कूस बदलताना जीव जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले औषध कमी पडतंय, गोळ्या वाढवूया. त्यांनी वाढवल्या. महिन्याभराने पुन्हा वाढवल्या. मी वाढीव गोळ्या थुंकत होते. रक्ताचा रिपोर्ट मात्र सुंदर येई, लिव्हर ठणठणीत. येणार नाही तर काय, गोळ्या पोटात जातच नव्हत्या. डॉक्टर यांना कौतुकाने म्हणत, "इतका डोस झाला तरी वहिनींना बाधत नाही बघा." हे खूश होऊन माझ्याकडे बघत.

मला भीती दोन गोष्टींची होती. हातपाय कायमचे वाकडे होतील ही एक. आणि कळलं तर या माणसाला काय वाटेल, ही दुसरी. खरं सांगायचं तर दुसरी जास्त होती.

पाचपैकी पाच

दिवाळीनंतर एका मंगळवारी दवाखान्यात एक मुलगी फॉर्म घेऊन बसलेली होती. शाहीन नाव, भिवंडीचीच, गळ्यात कुठल्याशा कॉलेजचं ओळखपत्र. तिने सांगितलं की जुनाट आजाराच्या पेशंटना आपल्या फॅमिली डॉक्टरांचा अनुभव कसा येतो ते मोजायचं चाललं आहे. वजन मोजतात, साखर मोजतात, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण द्यायचे.

"आपले डॉक्टर आपले म्हणणे कितपत लक्षपूर्वक ऐकतात?" तिने छापील मराठी अडखळत वाचलं.

"पाच लिव," हे म्हणाले.

"आपल्या भीतीविषयी वा काळजीविषयी डॉक्टरांशी बोलता येते का?"

"पाच."

"अंकल, सवाल तो पूरा सुन लो."

"अगं पाच लिव सगल्यांना. आमचा डॉक्टर देवमानूस हाय." हे हसले आणि शेजारच्या बाकावरचे दोघे-तिघेही हसले. मीही हसले. दहा मिनिटांत माझा अनुभव मोजून झाला. शाहीनने माझी सही मागितली, मला पेन धरवेना, तर अंगठाही यांनीच माझा हात धरून उठवला.

यादीतली ओळ

आठवड्याभराने तिचा यांना फोन आला. तिच्या मॅडमनी सोबतच्या माणसांनी भरलेले फॉर्म परत पाठवले होते, पेशंटनेच उत्तरं द्यायला हवीत म्हणाल्या होत्या. हे म्हणाले, घरी ये, ती घरीच असते.

ती आली तेव्हा दुपार होती आणि हे पूर्णा गावात माल उतरवायला गेले होते. मी दार उघडलं. ती माझ्या अगदी जवळ आली, कानाशी वाकली आणि ओरडली, "आंटी! मी शाहीन! फॉर्मवाली!"

मी दचकून मागे सरले. "अगो, इतक्या मोठ्यानं कया बोलतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं, हातातली फाइल उघडली, परत माझ्याकडे पाहिलं. "आपको सुनाई देता है?"

"देतं की."

"लेकिन दवाखान्याच्या लिस्टमध्ये तर लिहिलंय." तिने कागद माझ्यापुढे धरला. दवाखान्यातून तिला पेशंटची यादी मिळाली होती. माझं नाव, वय, आजार, आणि शेवटच्या रकान्यात, "ऐकू कमी येते. सोबतच्याशी बोलावे."

मला आधी हसू आलं. चांगलं मोठ्याने हसले. मग तिच्यासाठी पाणी आणते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. नऊ वर्षं. महिन्याला एकदा म्हटलं तरी शंभरावर वेळा मी त्या बाकड्यावर बसले असेन. त्या माणसाने माझी सासू पोचवली, माझी लेक वाढवली, आणि त्याला वाटत होतं मी बहिरी आहे. वाटणारच. मी एक शब्द कधी बोलले नव्हते. पाणी घ्यायला आत आले आहे हे विसरून मी तशीच बाहेर गेले.

शाहीनने पहिला प्रश्न परत वाचला. डॉक्टर माझं म्हणणं कितपत ऐकतात?

"मी बोललेच न्हाय तर ते काय ऐकनार?"

"मतलब एक लिखूँ?"

"एक कशाला? त्यांचा काय गुन्हा?"

"फिर पाँच?"

"पाच कशाचे?"

ती पेनाने डोकं खाजवू लागली. मग म्हणाली, असं असेल तर ‘लागू नाही’ म्हणून एक खाना, म्हणजे रकाना, आहे. मी म्हटलं तोच भर. पुढचा प्रश्न, डॉक्टर उपचार ठरवताना आपलं मत विचारतात का? लागू नाही. त्यांना आपल्या घरची परिस्थिती ठाऊक आहे का? लागू नाही. एक पान झालं, दुसरं झालं. खुणांची सरळ उभी रांग लागली.

मग तिने वाचलं, "आपण औषधे सांगितल्याप्रमाणे घेता का?" आणि मी त्या पोरीला सगळं सांगून टाकलं. जिभेखालच्या गोळ्या, मोरी, वाढत गेलेला डोस, सगळं. माझ्या मुलीहून लहान मुलगी, ओळख ना पाळख. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता, घरात इतकं सलग मी कधी बोलले होते आठवेना.

शाहीनने पेन खाली ठेवलं होतं. "आंटी, ये मैं नहीं लिख सकती. इसका खाना ही नहीं है." मग म्हणाली, "आणि मी डॉक्टरना पण सांगू नाही शकत, नाव बाहेर नाही जात यातून. तुम्हीच सांगा ना. आपको सुनाई भी देता है, बोलना भी आता है."

ती गेल्यावर मी बराच वेळ दार लावलं नाही. तिने आणखी दहा मिनिटं बसावं असं वाटत होतं. चहासुद्धा विचारायचा राहिला होता.

एकटी

दोन दिवसांनी, हे कामाला गेल्यावर, मी रिक्षा करून दवाखान्यात गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा एकटी. रिक्षातून उतरताना गुडघ्याने दगा दिला आणि रिक्षावाल्याने खाली येऊन हात दिला. माझा नंबर आला तेव्हा सवयीने बाकड्यावर जाऊन बसले.

"वहिनी!" डॉक्टर गरजले. "शेठ गाडी लावतायत का?"

मी उठले आणि स्टुलावर जाऊन बसले. "डॉक्टर, मला नीट ऐकू येतं," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. माझं कार्ड उघडून बघितलं, त्यावरची ती ओळ पेनाने खोडली, मग पुन्हा एकदा खोडली. "कुणी सांगितलं होतं मला?" ते स्वतःशीच म्हणाले. कुणीच सांगितलं नव्हतं.

मी सांगायला लागले. गोळ्यांपाशी आल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ते रागावले, आणि मी ऐकलेला त्यांचा तो पहिला हलका आवाज. "मी डोस वाढवत होतो, वहिनी. तुम्ही एखाद्या शुक्रवारी खरंच गिळल्या असत्या तर? एकदम इतक्या?"

मी याचा विचारच केला नव्हता.

"का थुंकल्या?" त्यांनी विचारलं. मग गप्प बसले आणि बाहेर नंबर लागलेले असूनही गप्पच राहिले. मी शनिवारचं सांगितलं, रविवारचं सांगितलं, जगण्याविषयी जे यांना म्हणाले होते तेही सांगितलं. ते मळमळ या शब्दात मावलं नव्हतं. सांगून झाल्यावर मोकळं वाटेल असं धरून आले होते. तसं काही झालं नाही. नुसती दमणूक झाली आणि रडू आलं.

त्यांनी ठाण्याला फोन लावला, औषध बदललं, अगदी थोड्यापासून पुन्हा सुरू करायचं ठरलं. दर आठवड्याला मी स्वतः येऊन सांगायचं असंही ठरलं. निघताना म्हणाले, "काशिनाथला मी समजावू?"

"नको," मी म्हणाले. "माझ्या वतीने आता कुणी नको."

तळहात

म्हणाले खरी, पण सांगायला दोन शुक्रवार गेले. यांनी दिलेल्या जुन्या गोळ्या तशाच मोरीत थुंकायच्या आणि डॉक्टरांनी पुडीत दिलेलं नवं औषध यांच्यामागे घ्यायचं, असे. तिसऱ्या शुक्रवारी जेवण झालं, यांनी डबा काढला, चष्मा लावला. मी तळहात मिटून घेतला. बोटं मिटायला मला वेळ लागत नाही, उघडायला लागतो.

"मी गोल्या गिललेल्या न्हायत," मी म्हणाले. "उन्हाल्यापासून. थुकतंय."

यांना आधी कळलंच नाही. "कुठल्या?"

"सगल्या."

"मी देतो त्या?"

"हो."

"माझ्यासमोर?"

"हो."

त्यांनी स्ट्रिप टेबलावर ठेवली, तिच्या कडा टेबलाच्या कडेला जुळवून. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी दवाखान्यात एकटी गेल्याचंही सांगितलं, डॉक्टर मला बहिरी समजत होते तेही. त्यावर तरी हसतील असं वाटलं. ते म्हणाले, "मी तुझ्यासाठीच बोलत व्हतो."

"माहीत हाय."

"मंग?"

माहीत होतं हे खरं होतं आणि त्याने माझं काही भागलं नव्हतं हेही खरं होतं. दोन्ही एका वाक्यात कसं बसवायचं ते मला आजही जमत नाही. हे उठून बाहेर गेले आणि टेम्पो धुवायला लागले. धुतलेला टेम्पो परत धुतला. संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

त्यानंतर ते माझ्यासोबत दवाखान्यात आले नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, भाजी काय आणू विचारायचे, रिक्षाला हात दाखवून थांबवून द्यायचे. फक्त माझ्या आजाराविषयी एक शब्द नाही. शुक्रवारी डबा टेबलावर काढून ठेवायचे आणि जाऊन गाडीत बसायचे. मी दातांनी स्ट्रिप फोडायला शिकले. गोळ्या घेऊन खरोखर गिळायचे आणि मग कुणी बघतंय का म्हणून दाराकडे बघायचे. कुणी नसायचं.

नव्या औषधाने शनिवार सुसह्य झाले. मनगटांची सूज हळूहळू उतरते आहे, भाकरी काही थापता येत नाही. डॉक्टर आता माझ्याशी साध्या आवाजात बोलतात, मधेच विसरून चढवतात आणि जीभ चावतात. मला हवं होतं ते मिळालं. आणि दवाखान्यातून परत येताना रिक्षात शेजारची जागा रिकामी असते, दर वेळी मी तिच्यावर हात ठेवून बसते. हे मी लपवणार नाही, कारण कुणाला वाटायला नको की एकदा तोंड उघडलं की सगळं गोड होतं. माझं तसं झालं नाही. तरीही सांगते, आपलं दुखणं आपण सांगा. सोबतचं माणूस कितीही जीव लावणारं असलं तरी ते दुखणं त्याच्या अंगात नसतं, ते त्याला झेपेल तेवढंच सांगतं.

अंगणात

लग्नसराईत दिराच्या थोरल्या मुलाची हळद होती. अंगणात चुली मांडल्या होत्या, बायका भाकऱ्या थापत होत्या आणि मी खुर्चीवर होते. हे पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट गाडीतून उतरवून ओटीवर नेत होते. राहनाळहून यांची आत्या आली. म्हातारी, दोन वर्षांनी भेटत होती. माझ्यासमोर उभी राहिली, माझे हात आपल्या हातांत घेऊन उलटे-सुलटे करून बघितले, आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत यांना विचारलं, "काशिनाथ, हिचे हात कसे हायत रं आता?"

हे थांबले. चुलीपाशी बायका बघायला लागल्या, कारण याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. पयल्यापेक्षा फरक हाय.

"मना काय म्हाईत, आत्या," हे म्हणाले. "तिला इचार."

आणि पुढचा क्रेट आणायला गेले.

आवाजात राग होता की नव्हता, मी अजून ठरवू शकलेले नाही. त्या वेळी तर कानच बंद झाल्यासारखे झाले. मला सोडून दिलं की मला माझी जागा दिली? पाठमोरा माणूस बघून काही कळत नाही. आत्याने मान खाली वळवली. माझे हात तिच्याच हातांत होते. ती वाट बघत राहिली.

"दुखतान, आत्या," मी म्हणाले. "सकालला मूठ उघडत न्हाय. औषधानं बरा हाय, पन दुखतान." तिला तेवढ्यावर थांबवता आलं असतं. ती हलली नाही, म्हणून मी पुढे बोलले. "आनि दुपारी घरात कोनी नसतं. मंग मी एकटीच बोलत बसतंय. कोन ऐकतं म्हनून न्हाय. आवाज व्हवा म्हनून."

आत्याच्या मागे ओटीच्या पायरीवर हे क्रेट घेऊन उभे होते. कधी आले होते मला दिसलं नव्हतं. चोवीस बाटल्यांचा क्रेट, दोन्ही हात ताणलेले. ओटी एका पावलावर होती. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.